‘आनंद झाला’ हे इंग्रजीत कसं सांगायचं: इंदूरच्या मराठी माणसासाठी पायरीपायरीने

इंदूरचा मराठी माणूस दिवसभरात तीन भाषा बोलतो. घरात मराठी, राजवाड्यावर हिंदी, विजय नगरच्या ऑफिसात इंग्रजी. घरात नातवानं पहिलं पाऊल टाकलं की ‘कौतुक वाटलं’, उन्हातून येऊन पन्हं प्यायलं की ‘बरं वाटलं’, कर्ज फिटलं की ‘समाधान झालं’ आणि सहलीहून परतलं की ‘मजा आली’ असं आपण म्हणतो, आणि यात कधी चूक होत नाही. इंग्रजीत पोचेपर्यंत मात्र हाती दोनच शब्द उरतात, हॅपी आणि एन्जॉय. साहेबांनी मान्यता दिली तरी हॅपी, जिलबी आवडली तरी हॅपी.

इंग्रजीत आनंदाचे शब्द भरपूर आहेत. रोजच्या कामाला त्यातले वीस-बावीस पुरतात. अडचण अशी, की इंग्रजी-मराठी कोशात त्यातल्या निम्म्यांपुढे ‘आनंद’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून अर्थ पाठ करून ते हाताशी येत नाहीत. प्रत्येक शब्द कोणाला म्हणायचा, कशाबद्दल म्हणायचा आणि वाक्यात कुठे बसवायचा, या तीन गोष्टींसकट तो शिकावा लागतो. खाली तेच पायरीपायरीनं दिलं आहे.

आधी काय जमवावं

- १०० पानी वही. प्रत्येक पानावर चार रकाने आखा: शब्द, त्याच्या मागेपुढे येणारे शब्द, कोणाशी बोलताना चालतो, आणि तुमच्या स्वतःच्या दिवसातलं एक वाक्य.
- शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन यांपैकी कुठलाही. तिन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात आणि उच्चार ऐकवतात. हॉर्नबी यांचा ऑक्सफर्डचा कोश १९४८ साली आला तेव्हापासून अशा कोशांचा मोठा गुण हाच, की ते अर्थाबरोबर वाक्याची घडणही दाखवतात.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची आवृत्ती. तोही इंटरनेटवर आहे. ‘आल्हाद’, ‘हर्ष’, ‘तृप्ती’ यांतला फरक समजून घ्यायला तो सुरेख. त्यातलं इंग्रजी मात्र दीडशे वर्षांहून जुनं आहे, ते उचलून ईमेलमध्ये घालू नका.

थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा संग्रह, सध्या बाजूला ठेवा. रॉजेटचा थिसॉरस १८५२ सालचा, आणि तो लिहिला गेला तो शब्द ज्याला येतात पण ऐनवेळी आठवत नाहीत अशा माणसासाठी. नवशिक्याच्या हाती तो पडला की ‘आय ॲम हॅपी’च्या जागी ‘आय ॲम इन रॅप्चर’ येतं.

वेळ रोज वीस मिनिटं, शब्द रोज दोन. त्याहून जास्त घेतलेत तर आठवड्याभरात सगळे एकमेकांत मिसळतात.

१. पहिली पायरी: वाक्यातला कर्ता बदला

चुकांचं मूळ इथे आहे, म्हणून या पायरीवर दोन-तीन दिवस थांबा. मराठीत आनंद माणसाकडे चालत येतो: मला आनंद झाला, मला मजा आली, मला बरं वाटलं. माणूस ‘ला’ प्रत्यय लावून बाजूला बसलेला असतो. इंग्रजीत माणसाला पुढे येऊन कर्ता व्हावं लागतं, किंवा जिच्यामुळे आनंद झाला ती गोष्ट कर्ता होते. तीन साचे लक्षात ठेवा.

पहिला साचा, माणूस आनंदी ‘असतो’: आय ॲम ग्लॅड, आय वॉज डिलायटेड.

दुसरा साचा, माणूस आनंद ‘घेतो’: आय एन्जॉइड द कॉन्सर्ट.

तिसरा साचा, गोष्ट आनंदाची ‘असते’: द कॉन्सर्ट वॉज अ जॉय, इट वॉज फन.

आता ‘काल सराफ्यात खूप मजा आली’ हे घ्या. दुसऱ्या साच्यात ते ‘वी रिअली एन्जॉइड अवरसेल्व्ज ॲट सराफा’ होईल. ‘फन’ वापरायचा तर ‘वी हॅड अ लॉट ऑफ फन ॲट सराफा’. ‘वी एन्जॉइड अ लॉट’ हे आपल्याकडे सर्रास चालतं, पण ते अर्धवट वाक्य आहे. एन्जॉयला कर्म लागतंच: काय एन्जॉय केलं ते सांगा, नाहीतर मायसेल्फ, युवरसेल्फ, अवरसेल्व्ज यांपैकी एक जोडा. पुढ्यात ताट ठेवताना नुसतं ‘एन्जॉय!’ म्हटलेलं चालतं, तेवढी एक सूट.

एन्जॉयनंतर क्रियापद आलं तर ‘आयएनजी’चं रूप घ्यायचं. एन्जॉय रीडिंग बरोबर, एन्जॉय टू रीड चूक. आणि ‘शी एन्जॉइज गुड हेल्थ’ यात मजेचा संबंध नाही. तिला चांगली प्रकृती लाभली आहे, एवढाच अर्थ.

२. दुसरी पायरी: ग्लॅड, हॅपी, प्लीज्ड, डिलायटेड, थ्रिल्ड

रोजच्या बोलण्यातला ऐंशी टक्के भार हे पाच शब्द उचलतील, असं समजून त्यांच्यावर मेहनत घ्या.

ग्लॅड हा एखाद्या विशिष्ट गोष्टीबद्दलचा आनंद, आणि त्यात बहुधा ‘बरं झालं बाई’ असा सुटकेचा सूर असतो. ‘आय ॲम ग्लॅड यू आर फीलिंग बेटर’ हे आजारातून उठलेल्या माणसाला म्हणायचं सर्वांत योग्य वाक्य. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चकाकणारा, उजळ असा होता. आपण ‘ऐकून चेहरा उजळला’ म्हणतो तो हाच भाव. सापळा एक: ग्लॅड माणसाच्या आधी विशेषण म्हणून येत नाही. ‘अ हॅपी मॅन’ म्हणा, ‘अ ग्लॅड मॅन’ नको.

हॅपी सगळ्यांत पसरट आहे. तो ‘हॅप’ म्हणजे नशीब, योगायोग या जुन्या शब्दावरून आला. हॅपन आणि परहॅप्स ही त्याची भावंडं. म्हणून ‘अ हॅपी कोइन्सिडन्स’ म्हणजे आनंदी योगायोग असं नसून सुदैवी योगायोग. ‘आय ॲम हॅपी टू हेल्प’मध्ये तर आनंद नावालाच आहे, ‘मदत करायची माझी तयारी आहे’ एवढंच त्यात म्हणायचं असतं. हॅपीच्या पुढचा छोटा शब्द अर्थ फिरवतो, तो वहीत लाल शाईनं लिहा. ‘आय ॲम हॅपी विथ माय सन’ म्हणजे मुलाच्या वागण्यावर किंवा कामावर मी समाधानी आहे. ‘आय ॲम हॅपी फॉर माय सन’ म्हणजे त्याचं चांगलं झालं, त्याच्या आनंदात माझा आनंद. ‘हॅपी अबाउट’ घटनेबद्दल. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न ठरल्यावर ‘आय ॲम हॅपी विथ यू’ लिहिलंत, तर तुम्ही तिच्या कामगिरीला शाबासकी दिल्यासारखं होतं.

प्लीज्डबद्दल विशेष जपून. या शब्दात पारख आहे, आणि पारख करणारा बहुधा वरच्या पायरीवर उभा असतो. साहेब हाताखालच्याला ‘आय ॲम प्लीज्ड विथ युवर वर्क’ म्हणतो. तेच वाक्य तुम्ही साहेबांना लिहिलंत तर ते उद्धट वाटतं, आणि कोणी तोंडावर सांगत नाही म्हणून चूक वर्षानुवर्षं राहून जाते. वरिष्ठांना ‘थँक यू, धिस हेल्प्ड मी अ लॉट’ असं सरळ लिहा. औपचारिक पत्रात मात्र ‘वी आर प्लीज्ड टू इन्फॉर्म यू’ हेच रूढ आहे. पहिल्या भेटीत ‘प्लीज्ड टू मीट यू’ चालतं. दुसऱ्या भेटीत ‘नाइस टू सी यू अगेन’.

डिलायटेड म्हणजे आनंद मनात मावत नाही आणि तो दाखवायला हरकत नाही. निमंत्रण स्वीकारताना, निकाल कळल्यावर, पाहुणे येणार म्हटल्यावर हा शब्द शोभतो. तो मुळातच जोरदार असल्यामुळे त्याला ‘व्हेरी’ लावत नाहीत. जोर हवाच असेल तर ‘ॲब्सल्यूटली डिलायटेड’. पुढे विथ, बाय किंवा ॲट येतं. क्रियापद म्हणून ‘डिलाइट इन’ आलं की अर्थ वळतो: एखाद्या गोष्टीत सवयीनं रमणं. ती गोष्ट चांगली असेलच असं नाही, ‘ही डिलाइट्स इन टीजिंग हिज सिस्टर’ म्हणजे बहिणीला चिडवण्यात त्याला रस आहे.

थ्रिल्डमध्ये अंगावर रोमांच आहेत. मूळ अर्थ भोसकणं, आरपार भोक पाडणं. नाकपुडीला नॉस्ट्रिल म्हणतात त्यातला शेवटचा तुकडा याच ‘भोक’ अर्थाच्या शब्दाचा. नोकरीचं पत्र आल्यावर ‘आय ॲम थ्रिल्ड’ छान. पगारवाढ ठीकठाक झाली असेल तर तोच शब्द खोटा वाटेल.

३. तिसरी पायरी: फन, फनी आणि प्लेझर

फन हे नाम आहे आणि ते मोजता येत नाही. म्हणून ‘अ फन’ किंवा ‘मेनी फन्स’ होत नाही. ‘इट वॉज फन’, ‘इट वॉज सो मच फन’.

फनी हा फनचा भाऊ दिसतो, पण वागतो निराळा. त्याचे अर्थ दोन: हसवणारं, किंवा काहीतरी विचित्र. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, पाहून पाहुण्याला ‘इट वॉज व्हेरी फनी’ सांगितलंत तर कारागिरांच्या रात्ररात्रीच्या मेहनतीची थट्टा झाली. आणि जेवताना कोणी ‘धिस टेस्ट्स फनी’ म्हणालं तर ते कौतुक समजू नका. पदार्थाची चव बिघडली आहे, आंबलं असेल तर बघा.

प्लेझर रोज लागतो तो दोन ठिकाणी, आणि तिथेच अदलाबदल होते. कोणी काम सांगितलं आणि तुम्ही आनंदानं होकार दिला: ‘विथ प्लेझर’. काम झालं, समोरच्यानं आभार मानले: ‘माय प्लेझर’. आधी विथ, नंतर माय. ‘मेन्शन नॉट’ आता सोडून द्या. त्याच्या जागी ‘यू आर वेलकम’ किंवा ‘नॉट ॲट ऑल’. माणसाबद्दल ‘आय वॉन्ट टु गिव्ह यू प्लेझर’ असं कधीही लिहू नका, त्याला शारीरिक अर्थ येतो. ‘आय होप यू लाइक इट’ पुरतं.

लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेत ‘रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युवर कंपनी’ असतं. तिथे कंपनी म्हणजे सहवास. ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’चं हे इंग्रजी रूप ठरीव आहे, त्यात आपल्या मनाचे शब्द घालू नयेत. उत्तर ‘वी ॲक्सेप्ट विथ प्लेझर’.

४. चौथी पायरी: जिभेचे शब्द

इंदूरमध्ये राहून ही पायरी वगळणं अन्याय होईल. सकाळी पोहे-जिलबी, रात्री सोन्याची दुकानं बंद झाल्यावर सराफ्यात भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात गराडू नावाचा तळलेला कंद. एवढं खाऊन इंग्रजीत फक्त ‘टेस्टी’ म्हणायचं?

डिलाइट आणि डिलिशस एकाच लॅटिन मुळाचे. त्या मुळाचा अर्थ भुलवणं, मोहात पाडणं. डिलिशस फक्त चवीला आणि वासाला वापरा. तो जोरदार शब्द आहे, म्हणून तिथेही व्हेरी नको. आणि ‘इज इट डिलिशस?’ असं यजमानानं विचारू नये, ‘डू यू लाइक इट?’ विचारावं.

सेव्हर म्हणजे घास घोळवत, हळूहळू चव घेणं. दुकानापुढे उभ्याउभ्या, एक डोळा घड्याळावर ठेवून खाल्लेले पोहे सेव्हर होत नाहीत. जिरवण आणि लिंबू पिळलेला तळलेला गराडू थंडीत फुंकून फुंकून खाल्ला तर ‘आय सेव्हर्ड एव्हरी बाइट’. हा शब्द क्षणांनाही लागतो, सेव्हर द मोमेंट.

रेलिश म्हणजे आवडीनं, मिटक्या मारत खाणं. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मागे उरलेलं’ असा अर्थ होता, त्यावरून जिभेवर रेंगाळणारी चव. चटणी-लोणच्यासारख्या तोंडीलावण्यालाही रेलिशच म्हणतात. नकारात तो फार उपयोगी: ‘आय डोन्ट रेलिश द थॉट ऑफ ड्रायव्हिंग थ्रू पलासिया ॲट सेव्हन’. संध्याकाळी सातला पलासियातून गाडी काढायची कल्पना नकोशी वाटते, हे याहून नेमकं सांगता येणार नाही.

ट्रीट म्हणजे रोज न मिळणारी सुखाची गोष्ट. ‘माय ट्रीट’ म्हणजे पैसे मी देणार. मित्राकडे ‘गिव्ह पार्टी’ मागण्यापेक्षा ‘यू ओ अस अ ट्रीट’ म्हणा. क्रियापद म्हणून ट्रीटचा अर्थ वागवणं किंवा उपचार करणं असाही होतो, तेव्हा मागचापुढचा संदर्भ वाचा.

झेस्ट म्हणजे उत्साहाची चव, झेस्ट फॉर लाइफ. पाककृतीत लेमन झेस्ट आलं तर लिंबाच्या सालीचा वरचा पिवळा कीस. पांढरा भाग घेतलात तर पदार्थ कडू होतो.

५. पाचवी पायरी: मोठे शब्द, जपून

हे आधी वाचताना ओळखा. वापरायची घाई नको.

जॉय खोल असतो आणि टिकतो. मूल होणं, गाणं शिकणं, खूप वर्षांनी भाऊ भेटणं. ब्लिस म्हणजे ज्यात कशाचाही व्यत्यय नाही असं सुख. ‘स्वर्गसुख’ जवळचं. कंटेंट म्हणजे आहे त्यात समाधानी. सॅटिस्फाइडमधला ‘सॅटिस’ म्हणजे पुरेसं, म्हणून पोट भरल्याची तृप्ती त्यात आहे. पण सॅटिस्फॅक्टरी हा शब्द मुलाच्या प्रगतिपुस्तकावर दिसला तर पेढे आणू नका. शिक्षकांना ‘जेमतेम ठीक’ म्हणायचं असतं.

इलेटेड म्हणजे उचलला गेलेला, पाय जमिनीवर नसलेला. एकट्यालाही लागतो. ज्युबिलंटमध्ये जल्लोष ऐकू येतो आणि बहुधा जिंकलेलं असतं. भारतानं क्रिकेटचा सामना जिंकल्यावर राजवाड्यावर लोटते ती गर्दी ज्युबिलंट. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, ‘जॉयस’ किंवा ‘एग्झ्युबरंट’ जास्त बसेल, कारण तिथे कोणी कोणाला हरवलेलं नाही.

एक्स्टसी ग्रीक. शब्दशः ‘स्वतःच्या बाहेर उभं राहणं’. मराठीला हे परकं वाटायचं कारण नाही, ‘देहभान हरपलं’ आपण कीर्तनातल्या तल्लीन माणसाबद्दल म्हणतोच. एका अमली पदार्थाचंही हेच नाव असल्यामुळे नाम टाळून ‘एक्स्टॅटिक’ हे विशेषण वापरावं.

ग्लीमध्ये पोराटकी खळखळ आहे, आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या फजितीवर टाळी पिटणंही. शोकसंदेशात किंवा अधिकृत पत्रात त्याला जागा नाही. यूफोरिया म्हणजे चढलेला आनंद, जो उतरणार हे बोलणाऱ्याला माहीत आहे. मर्थ आणि मेरी पुस्तकांत भेटतील. बोलण्यात मेरी नाताळापुरता. ब्रिटनमध्ये ‘ही वॉज अ बिट मेरी’ म्हणजे थोडी चढली होती.

जुन्या पाठ्यपुस्तकांत आणि कवितांत ‘गे’ म्हणजे आनंदी असं वाचलं असेल. आज त्याचा अर्थ समलैंगिक असाच घेतला जातो. आनंदी या अर्थी तो वापरू नका.

६. सहावी पायरी: ‘ईडी’ की ‘आयएनजी’

ज्याला वाटतं तो ‘ईडी’, जे वाटायला लावतं ते ‘आयएनजी’. आय ॲम एक्सायटेड, द न्यूज इज एक्सायटिंग. ‘आय ॲम व्हेरी एक्सायटिंग’ म्हणजे ‘माझ्यामुळे लोक उत्तेजित होतात’. मुलाखतीत हे फार वेळा घडतं. प्लेझंट मात्र दोन्हीकडे न बसणारा: प्लेझंट वेदर, प्लेझंट पर्सन. सुखद, सौम्य.

७. सातवी पायरी: उच्चार

प्लेझरमधला मधला आवाज देवनागरीत नीट लिहिताच येत नाही. ‘माझा’मधला झ तो नव्हे. असं करा: लांब ‘शशश’ म्हणा, जीभ हलवू नका, आणि तिथेच घशातून आवाज काढा. गळ्यावर बोट ठेवलंत तर थरथर जाणवेल. तोच आवाज मेझर, ट्रेझर आणि टेलिव्हिजन यांत आहे.

जॉयमधला ज ‘जेवण’मधला घ्या, ‘जोर’मधला नको. रोज हिंदी कानावर पडत असल्यामुळे इंदूरकराला हा सहज जमतो.

डिलाइटच्या स्पेलिंगमधले जी आणि एच उच्चारायचे नाहीत. ते मूळ शब्दात नव्हतेच, सोळाव्या शतकात लाइटच्या नादानं घुसले. जोर ‘लाइट’वर द्या. कंटेंटचा जोर तर अर्थच बदलतो: ‘टेंट’वर दिलात तर समाधानी, ‘कं’वर दिलात तर मजकूर.

८. आठवी पायरी: कुठे आनंद दाखवायचा नाही

प्रत्येक सणापुढे हॅपी लावायची सवय लागते. गुड फ्रायडे आणि मोहरम हे दुःखाचे दिवस आहेत, त्या दिवशी हॅपी लिहून पाठवू नका. ‘मेनी हॅपी रिटर्न्स’ फक्त वाढदिवसाला, कारण त्याचा अर्थ ‘हा दिवस पुन्हा पुन्हा आनंदानं येवो’ असा आहे. लग्नाला ‘काँग्रॅच्युलेशन्स’. कोणाचं रुग्णालयातून घरी येणं झालं तर ‘हॅपी’पेक्षा ‘ग्लॅड’, आणि कोणी बदली होऊन शहर सोडत असेल तर ‘हॅपी फॉर यू’ लिहिताना ‘वी विल मिस यू’ जोडायला विसरू नका, नाहीतर जाण्याचाच आनंद झाल्यासारखं वाटतं.

९. पंधराव्या दिवशीची तपासणी

फोनमधले तुमचेच जुने इंग्रजी संदेश उघडा आणि हॅपी किंवा एन्जॉय आलेले वीस निवडा. प्रत्येकाचं आधी मराठी वाक्य लिहा: तेव्हा बरं वाटलं होतं, मजा आली होती, समाधान झालं होतं की सुटलो असं वाटलं होतं? मग वहीतला शब्द बसवा. काही ठिकाणी हॅपीच योग्य ठरेल, तिथे तो तसाच ठेवा. जिथे अडाल तो शब्द शिकणाऱ्यांच्या कोशात पाहा आणि त्याखालची उदाहरणं मोठ्यानं तीनदा वाचा. घरात इंग्रजी शाळेत जाणारं मूल असेल तर त्याच्यासमोर वाचा. प्लेझरचा उच्चार चुकला तर ते लगेच सांगेल.